विश्लेषण : ना स्पर्धा, ना गुणांची अट, तरीही अमेरिकेचा ‘काँग्रेशनल अवॉर्ड’ सर्वांच्या आवाक्यात आहे का?

आपल्याकडील प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारासाठी मोजक्या मुलांची निवड होते. अमेरिकी काँग्रेसने १९७९ मध्ये कायदा करून सुरू केलेल्या ‘काँग्रेशनल अवॉर्ड’चे तसे नाही. ठरलेले तास पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळते. त्यासाठी परीक्षेतील गुण पाहिले जात नाहीत.

सुवर्णपदकासाठी काय लागते?
४०० तास स्वयंसेवा, व्यक्तिमत्त्व विकास व शारीरिक तंदुरुस्तीसाठी प्रत्येकी २०० तास आणि चार रात्रींची मोहीम. कालावधी किमान २४ महिने; मात्र वयाच्या २४व्या वाढदिवसापूर्वी सर्व पूर्ण हवे.

मग अडचण कुठे?
स्वयंसेवेचा मोबदला घेता येत नाही. ८०० तास दोन वर्षांत बसवायचे, तर आठवड्याला जवळपास आठ तास द्यावे लागतात. शिक्षण सांभाळून घरखर्चासाठी नोकरी करणाऱ्याला ते अवघडच. हेच काम १४व्या वर्षी सुरू केले, तर आठवड्याला साधारण दीड तास पुरतो.

याचा अर्थ काय?
नियम सर्वांना सारखेच आहेत. पण योजनेची माहिती ज्याच्या शाळेत वा घरात लवकर पोहोचते, त्याला पदक सोपे. उशिरा कळणाऱ्याला तेच महाग पडते.