म्हाताऱ्या बैलाचें बलुतें

आपल्या मासिकांत बी-बियाणें, खतें, ओलिताच्या पद्धति आणि बाजारभाव यांविषयीं जाणते लोक नेहमीं लिहीत असतात. प्रस्तुत लेखक तसा जाणता नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला व वडिलार्जित बारा एकर कोरडवाहू जमीन पाहणारा तो एक सामान्य खातेदार आहे. तरी ज्या जनावराच्या खांद्यावर आपला प्रपंच उभा राहिला, त्याच्या म्हातारपणाची सोय गांवानें कशी करावी, याविषयीं चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत आहे. त्यांत कांहीं कटु वाटल्यास वाचक बंधूंनीं क्षमा करावी. तें प्रथम लेखकासच लागू आहे.

आमच्या दावणीस ढवळ्या नांवाचा बैल होता. तीर्थरूपांनीं तो नेकनूरच्या बाजारांतून आणला होता. चौदा वर्षें तो औतास चालला. पुढें त्याचा गुडघा धरला, दांत झिजले, आणि नांगरणी-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनें होऊं लागली. २०१८ सालच्या फाल्गुनांत मीं त्यास टेंपोंत घालून एका पांजरपोळांत पोंचता केला, ५०१ रुपयांची पावती घेतली, त्याच्या पाठीवर हात फिरविला आणि मोठें पुण्य पदरीं पडल्याच्या समाधानानें घरीं आलों. आषाढांत त्या बाजूस जाणें झालें, तेव्हां तो गेल्याचें कळलें. तेथील वृद्ध व्यवस्थापकांनीं वही उघडून तारीख दाखविली व ते म्हणाले, “साहेब, त्याला रोग कांहीं नव्हता. आमचा कडबा ज्येष्ठांतच सरला. पुढें सोयाबीनच्या भुसकटावर दिवस काढले. त्याच्या म्हाताऱ्या पोटाला तें मानवलें नाहीं.” जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, म्हणून त्या रात्रीं स्वतःचा केला. रोज तीन पेंढ्या व पेंढीस पंधरा रुपये धरले, तर माझे ५०१ रुपये अकरा दिवसांना पुरले होते. ढवळ्या तेथें ११२ दिवस जगला. उरलेले १०१ दिवस त्याला कोणी पोसलें, हें मीं कधीं विचारलें नव्हतें.

दोष त्या पांजरपोळाचा नव्हता. माझा होता, आणि माझ्याप्रमाणें वागणाऱ्या सर्वांचा आहे. आपण तेथें जनावर नेऊन सोडतों, त्याचा चारा नेत नाहीं. देणगी देतों ती पोळ्यास, गोपाष्टमीस किंवा घरांतील एखाद्या कार्याच्या दिवशीं. परंतु कडबा स्वस्त असतो तो फाल्गुनांत, ज्वारीची काढणी झाल्यावर. आणि नेमकी तेव्हां पांजरपोळाची पेटी रिकामी असते. ज्येष्ठांत दर दीडपट-दुप्पट झाल्यावर तो पेंढी-पेंढीनें खरेदी करतो. म्हणजे आपल्या देणगीचा निम्मा भाग अवेळीं दिल्यामुळेंच वाया जातो. दानाची तिथि चुकली कीं दानाची किंमत घटते, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. पेरणीची वेळ चुकल्यावर त्याच बियाण्याचें काय होतें, हें तो जाणतोच.

हा प्रश्न पूर्वीपेक्षां आज अधिक बिकट कां झाला, हें पाहूं. आपल्या राज्यांत पशुसंरक्षणाचा कायदा १९७६ सालचा. त्यानें गाईच्या कत्तलीस बंदी होती. मार्च २०१५ पासून ती वळू व बैल यांसहि लागू झाली. हा कायदा इष्ट कीं अनिष्ट, हा वाद येथें करावयाचा नाहीं. परंतु त्याचा परिणाम आपल्या दावणीवर झाला, तो मान्य केला पाहिजे. पूर्वी म्हातारा बैल बाजारांत नेला म्हणजे त्याचे चार पैसे येत व त्यांत भर घालून तरुण गोऱ्हा घरीं येई. आतां त्यास गिऱ्हाईक नाहीं. त्यांतहि आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. त्यांचा बैल गाडीस जुंपलेला असतो आणि त्याची उमेद सामान्य औताच्या बैलाहून लवकर सरते. मुकादमाची उचल फेडणाऱ्या त्या गरिबानें भाकड बैलास वर्षभर दावणीस ठेवावें, असें म्हणणें सोपें आहे. करणें कठीण आहे.

दुसरें कारण आपल्या पिकांत आहे. शाळू कमी होऊन त्याची जागा कापूस व सोयाबीन यांनीं घेतली. कापसापासून पैसा येतो, कडबा येत नाहीं. ज्याच्या वाड्यापुढें पूर्वी कडब्याच्या गंजी लागत, तो आज स्वतःच्या एका म्हशीसाठीं पेंढ्या विकत घेतो. २०१२ व २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान राज्यांतील गाई-बैलांची संख्या सुमारें एक दशांशानें घटली, तरी उरलेल्यांस चारा पुरत नाहीं, याचें बीज येथें आहे.

कोणी म्हणेल, सरकारनें कायदा केला, तर सरकारनेंच पोसावें. हें म्हणणें अगदीं टाकाऊ नाहीं. आणि सरकारनें कांहींच केलें नाहीं, असेंहि नाहीं. २०१७ सालीं गोवर्धन गोवंश सेवा केंद्रांची योजना निघाली, २०२३ सालीं गोसेवा आयोगाचा कायदा झाला, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजीं मंत्रिमंडळानें गोशाळेंतील देशी गाईमागें रोज ५० रुपये अनुदान देण्याचें ठरविलें. आतां वरील हिशेब पुन्हां मांडूं. तीन पेंढ्यांचे ४५ रुपये गेले म्हणजे पांच रुपये उरले. त्यांत पाणी, औषध, गड्याचा पगार आणि छपराची डागडुजी करावयाची. आणि तेंहि कडबा फाल्गुनाच्या दरानें मिळाला तर! याच सरकारनें २०१९ च्या दुष्काळांत चारा-छावणींतील मोठ्या जनावरासाठीं मे महिन्यांत रोजचा दर १०० रुपये केला होता, हें स्मरणांत असावें. मग हें अनुदान देशी गाईपुरतें. आपल्या म्हाताऱ्या बैलाची काळजी त्यांत कोठें आहे?

त्या २०१९ च्या छावण्यांची आठवण झाली म्हणून सांगतों. राज्यांत सर्वांत अधिक छावण्या आपल्या बीड जिल्ह्यांत होत्या. त्या काळांत कारकुनीच्या निमित्तानें अनेक दावणी पाहिल्या. शेतकरी आपल्या जनावराशेजारीं बाजेवर निजत, बायका तेथेंच भाकरी भाजत. छावणी नसती तर कित्येक दावणी कायमच्या रिकाम्या झाल्या असत्या. परंतु छावणी ही दुष्काळाची सोय आहे. पाऊस पडला कीं ती उठते. म्हातारपण हें असें संकट आहे कीं तें पाऊस पडल्यानें टळत नाहीं. त्यासाठीं कायमची जागा पाहिजे, आणि कायमच्या जागेस कायमचें उत्पन्न पाहिजे.

असें उत्पन्न कसें उभें राहतें, याचा जुना दाखला मुंबईचा आहे. तेथें १८३२ सालीं मोकाट कुत्रीं मारण्याच्या हुकुमावरून मोठा दंगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई व दुसरे व्यापारी यांनीं भुलेश्वर येथें पांजरपोळ स्थापिला. तो केवळ एखाद्या धनिकाच्या लहरीवर सोडला नाहीं. व्यापारी मंडळींनीं आपल्या मालाच्या उलाढालीवर थोडासा ठराविक लाग बसवून घेतला. व्यापाऱ्यास तो जाणवला नाहीं, आणि जनावरांस रोजचा घास मिळाला. यांतील मर्म दयेंत नसून त्या लागाच्या नेमांत आहे.

इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत शिरूर कासार तालुक्यांतील दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांस २०१९ सालीं पद्मश्री मिळाली. या कुटुंबानें कोरडवाहू मुलुखांत शंभराहून अधिक गाई-बैल सांभाळले. शेणखत विकून येईल त्यावर गुजराण करावयाची, आणि बैल दिलाच तर तो कसायास न देण्याच्या बोलीवर शेतकऱ्यासच द्यावयाचा, हा त्यांचा शिरस्ता सर्वश्रुत आहे. त्याच तालुक्यांत तागडगांव येथें सोनवणे दांपत्य सर्पराज्ञी केंद्रांत जखमी वन्य प्राण्यांची शुश्रूषा करीत आलें आहे. मुंबईस पारशी गृहस्थ, दहिवंडीस मुसलमान कुटुंब. भूतदयेस जात-धर्म विचारण्याची गरज पडली नाहीं. परंतु एक प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. एका कुटुंबानें जन्मभर पोटास चिमटा घेऊन जें केलें, त्याचा सत्कार करावयास गांवेंच्या गांवें लोटतात. त्याच गांवांनीं सत्काराच्या हाराऐवजीं दर साल एक गाडी कडबा पाठविला, तर त्या पुरस्काराचा मान अधिक राहणार नाहीं काय?

आतां माझी सूचना सांगतों. आपल्या वाडवडिलांच्या काळीं खळ्यावर रास पडली कीं ती घरीं जाण्यापूर्वी सुतार, लोहार, चांभार, न्हावी यांचें बलुतें निघे. तो उपकार नव्हता, वर्षभराच्या सेवेचा हक्क होता. ज्यानें नांगर ओढला, मोट ओढली, मळणी केली, त्या बैलाचें मात्र बलुतें कोणी बांधून दिलें नाहीं. तो दावणीस होता, म्हणून त्याची गरजहि भासली नाहीं. आतां तो दावणीवरून सुटला आहे, तेव्हां त्याचें बलुतें बांधून दिलें पाहिजे. ज्वारी करणाऱ्यानें एकरीं दहा पेंढ्या खळ्यावरूनच काढून ठेवाव्या. पीक बरें असतां एकरीं शेंकड्यांनीं पेंढ्या निघतात. त्यांतील दहा डोळ्यांसहि दिसणार नाहींत. कापूस-सोयाबीनवाल्यानें तितकीच रक्कम, म्हणजे एकरीं १५० रुपये, द्यावी. पण ती फाल्गुनांत द्यावी, पोळ्यास नव्हे.

यांतून काय होईल? एखाद्या गांवांत ४०० एकर शाळू आहे असें धरा. त्याच्या ४,००० पेंढ्या झाल्या. पावसाळ्यांत व त्यानंतर कांहीं महिने गायरानांत चराई मिळते. खरी ओढाताण चैत्र ते आषाढ या १२० दिवसांची. एका जनावरास तेवढ्यांत ३६० पेंढ्या लागतात. म्हणजे एका गांवाच्या बलुत्यावर अकरा जनावरांचा उन्हाळा निघतो. अशीं दहा गांवें एका पांजरपोळामागें उभीं राहिलीं, तर शंभरावर जनावरांस ज्येष्ठाचें भय उरणार नाहीं; मग अनुदान व देणग्या औषधपाण्यास मोकळ्या राहतील. जो स्वतः जनावर नेऊन सोडतो, त्यानें ऐपत असल्यास तें जिवंत असेपर्यंत दर साल त्याच्या ३६० पेंढ्या पोंचत्या कराव्या. ऊसतोड मजूर व अल्पभूधारक यांस ही अट लावूं नये; त्यांच्या बैलाचा भार गांवाच्या गंजीवर पडूं द्यावा. आधीं मुलें पोसावीं कीं भाकड बैल, असा प्रश्न ज्याच्या घरीं खरोखर उभा आहे, त्याच्याकडे कोणी हात पसरूं नये. म्हणूनच मागणी माणशीं न करतां एकरीं केली आहे.

राहिला हिशेबाचा आक्षेप. ‘गोशाळेच्या नांवावर लोक आपलीं घरें भरतात,’ असें पुष्कळ जण म्हणतात, आणि जन्मभर वह्या पाहिलेला मनुष्य या संशयास अगदींच निराधार म्हणूं शकत नाहीं. कागदावरचीं जनावरें दावणीच्या जनावरांहून अधिक असण्याचे प्रकार मींहि पाहिले आहेत. परंतु संशय हें न देण्याचें कारण होऊं नये. तें पाहण्याचें कारण व्हावें. तीन वह्या पुरेत: जनावरांच्या आवक-जावकीची, चाऱ्याच्या साठ्याची, आणि रोकडीची. आतां जनावराच्या कानांत बारा आंकड्यांचा बिल्ला असतो. पावतीवर तो आंकडा लिहिला म्हणजे कोणाचें जनावर जिवंत आहे व कोणाचें गेलें, हें लपत नाहीं. नोंदलेल्या न्यासास आपले हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे द्यावेच लागतात. ते वर्षांतून दोनदां, गंज रचतांना व गंज संपतांना, ग्रामसभेंत वाचून दाखवावे. ज्या गांवाचा कडबा, त्या गांवाचे दोन शेतकरी दर महिन्यास जाऊन जनावरें मोजून यावींत. जो चालक याला कबूल होणार नाहीं, त्यास पेंढी देऊं नये. जो कबूल होईल, त्यास मात्र मग सबब सांगूं नये.

या योजनेंत नवें असें कांहीं नाहीं. खळें आपलें, कडबा आपला, बैलहि आपलाच. फक्त जें आपण पोळ्याच्या दिवशीं शिंगांस रंग लावून, गळ्यांत माळ घालून व पुरणपोळीचा घास भरवून एका दिवसांत आटोपतों, तें फाल्गुनांत गाडीभर कडब्यानें करावयाचें आहे. माझ्या बारा एकरांपैकीं पांच एकर शाळू असतो. त्याच्या पन्नास पेंढ्या व उरलेल्या सात एकरांचे १,०५० रुपये दर फाल्गुनांत त्याच पांजरपोळांत पोंचते करतों. ढवळ्याच्या उरलेल्या १०१ दिवसांच्या ३०३ पेंढ्या माझ्याकडे येणें निघत होत्या. त्या मीं निराळ्या, पहिल्याच सालीं पोंचविल्या. व्यवस्थापकांनीं पावतीवर नांव विचारलें, तेव्हां बैलाचें लिहावयास सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं तें लिहिलें.

येत्या काढणीच्या आधीं आपापल्या गांवच्या ग्रामसभेंत हा विषय निघावा, एवढीच वाचक बंधूंस विनंति आहे.

— एक निवृत्त महसूल कारकून, जिल्हा बीड