बागुलबुवा आणला कुणी?



आमचा धाकटा सहा वर्षांचा. दिवसा घरभर नुसता धुडगूस. पण दिवेलागण झाली की माझी पाठ सोडायचा नाही. मधल्या खोलीतून साधा तांब्या आण म्हटलं, तरी "ताई बरोबर येऊ दे." मध्यंतरी तर कहरच झाला. रात्री अंधारातून मोरीकडे जायचं म्हणून तसाच पडून राहिला आणि अंथरूण ओलं केलं. सकाळी मी रागावले, "एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?" मान खाली घालून म्हणाला, "तिथे बागुलबुवा आहे ना! तूच सांगितलं होतंस."

मी चपापले. खरंच होतं ते. लहानपणी जेवेना, झोपेना, म्हणून मीच तो दाराआड आणून बसवला होता. आता त्याला घालवायचंही मलाच होतं.

शाळेत अर्धा दिवस लहान मुलांमध्येच जातो माझा, तरी हे घरात ध्यानात आलं नव्हतं. दोन-तीन वर्षांपासून मुलांची कल्पना धावू लागते, पण खरं काय आणि मनातलं काय, ही रेघ पुसटच असते. खुंटीवरचा सदरा त्यांना खरोखरच माणूस वाटतो. ते ढोंग नव्हे. 'भित्रट' म्हटल्याने भीती जात नाही. मूल सांगायचं तेवढं थांबतं.

आधी मी कबुली दिली, "बागुलबुवा नसतोच. मी खोटं सांगितलं, माझं चुकलं." सासूबाईंनी भुवया उंचावल्या, पण धाकट्याचा चेहरा सैलावला.

मग रोज जेवणं झाल्यावर एक खेळ सुरू केला. मधल्या खोलीतला दिवा मालवायचा, हात धरून बसायचं आणि शंभर आकडे मोजायचे. आधी सगळं काळंभोर. मग खिडकी, कपाट, खुंटीवरचा सदरा हळूहळू दिसू लागतात. "आई, दिसतंय!" अंधारात डोळ्यांची बाहुली लगेच मोठी होते, पण डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, हे त्याला सांगितलं. चार दिवसांनी बटण त्याच्या हाती दिलं. पुढे मी दाराबाहेर बसून बोलत राहिले, तो आत. घाई मात्र केली नाही.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा:

जेवण-झोपेसाठी भुताची, पोलिसाची भीती घालू नका.

अंधाऱ्या खोलीत कोंडण्याची शिक्षा कधीही नको.

पाहुण्यांपुढे मुलाच्या भीतीची थट्टा नको.

निजण्यापूर्वी भयंकर मालिका, मोबाइलवरचे भीतीदायक व्हिडिओ नकोत.

मोरीच्या वाटेवर मंद दिवा ठेवा. बटण मुलाच्या हाताला येईलसं पाहा.

एवढं करूनही झोप उडत असेल, अंथरूण वरचेवर ओलं होत असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना दाखवा.

परवा मध्यरात्री जाग आली. धाकटा एकटाच मोरीकडे निघाला होता, मोठमोठ्याने "बे दुणे चार, बे त्रिक सहा" म्हणत! म्हणजे भीती अजून पुरती गेलेली नाही. पण पाऊल पुढे पडत होतं. मी उठले नाही. तो परत येऊन पांघरुणात शिरेपर्यंत डोळे मिटून जागी राहिले, एवढंच.