टॉनिक नको, ताटात अंडे हवे!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आमच्या वस्तीतली माऊली मात्र लेकराची ताकद महागड्या टॉनिकच्या बाटलीत शोधते. खरी ताकद अंडी, सुकट, डाळ, नाचणीत आहे. पण २०१५ साली राज्यात बैलाच्या मांसावर बंदी आली. जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातील अंड्यांचा सरकारी निधीही बंद झाला. गरिबाच्या ताटातली प्रथिने कोणाच्या सोवळ्यासाठी काढता, हा आमचा सरकारला सवाल आहे!

समाजबांधवांनो, दारू-तंबाखूचा पैसा लेकरांच्या ताटाकडे वळवा. बुद्धविहारांत हिमोग्लोबिन तपासणीची शिबिरे घ्या. मधुमेहाने ग्रासलेले बाबासाहेब अखेरपर्यंत आपल्यासाठी झिजले. निरोगी राहून चळवळ पुढे नेणे, हेच त्यांना खरे अभिवादन. जयभीम!