शंका सुरू होते, संपत नाही

बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. आज रागावलोय म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात नातीच्या फीचे पैसे मोबाईलवरून पाठवत होतो. मेहकरात रेंजचे नखरे. दोनदा ‘अयशस्वी’, तिसऱ्यांदा निम्मी रक्कम गेली, चौथ्यांदा उरलेली पाठवली आणि खातेच गोठले! बँकेत उत्तर मिळाले, "सिस्टीमला तुमचं वर्तन संशयास्पद वाटलं, गुरुजी." कोणत्या नियमाने? ते तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. पेन्शन अकरा दिवस अडकली.

पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, नियम आता कोण लिहितं? मशीन आपलं आपण शिकतं." शिकू दे की! पण शिकलेले वाचता येईल अशा नियमांत मांडण्याच्याही पद्धती आहेत. रॉबर्ट कोवाल्स्की आणि मारेक सर्गॉट यांनी १९८६ साली ‘इव्हेंट कॅल्क्युलस’ नावाचे तर्कशास्त्र मांडले. काही घटना एखादी स्थिती सुरू करतात, काही ती संपवतात. मधल्या काळात ती चालूच आहे असे धरायचे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या मलाही हे कळते.

आमच्या शाळेतही सलग तीन दिवस उशिरा येणारा ‘बेशिस्त’ ठरे. पण नियम फळ्यावर होता, म्हणून एकाचा बाप येऊन सांगू शकला, "गुरुजी, आमच्या खेड्याची एस.टी.च उशिरा येते." नियमाला एक अट जोडली, पोरगा सुटला.

माझ्या बाबतीत शंका सुरू करणारी घटना कोणीतरी मांडली, संपवणारी मांडलीच नाही. मी ओळखपत्र घेऊन काउंटरवर उभा, पण यंत्राच्या लेखी ही घटनाच नव्हे! उलट आम्हा पेन्शनरांचे जिवंत असणे मात्र आपोआप चालू राहत नाही, दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. असो.

नियम उघड केले तर चोर शहाणे होतील, हे भाच्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मग जगाला नका सांगू. पण ज्याचे खाते गोठवले त्याला तरी लिहून द्या : कोणत्या घटना, किती वाजता, कोणत्या क्रमाने धरल्या, आणि शंका कशाने फिटेल. राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत व्हावी म्हणून नागपुरात ‘मार्व्हल’ ही कंपनी काढली आहे. उद्या शंका खात्यावर नव्हे, माणसावर येईल. तेव्हा "सिस्टीमला वाटलं" हे उत्तर मी तरी ऐकून घेणार नाही.

बँकेत दोन पानी अर्ज दिलाय. पोच मिळाली. उत्तर आले की इथे टाकतो.