व्यायामशिक्षकाचा देह आणि करारनामा

व्यायामाने देह सुदृढ होतो, हे निर्विवाद. परंतु तोच व्यायाम उपजीविकेचे साधन झाला आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रत्येक नव्या बॅचसमवेत त्याच उड्या नि त्याच बैठका माराव्या लागल्या, म्हणजे तो निव्वळ अंगमेहनतीचा धंदा होतो, ही गोष्ट जिमच्या सभासदांच्या आणि मालकांच्या सहसा ध्यानी येत नाही. सभासदांना विश्रांतीचे महत्त्व पटवणारा शिक्षक, बॅच बुडाली की मेहनतानाही बुडतो म्हणून, दुखऱ्या गुडघ्यावर पट्टा आवळून स्वतः पुन्हा उभा राहतो. बोलता बोलता थंडावलेल्या अंगाने एकदम कसरत करून दाखवतो आणि उडी मारतानाच मान वळवून मागच्या रांगा न्याहाळतो.

1980 नंतरच्या दशकात अमेरिकेत एरोबिक्सची लाट आली, तेव्हा कठीण जमिनीवर उड्या मारणाऱ्या शिक्षिकांच्या नडग्या दुखावू लागल्या, हाडांना सूक्ष्म तडे जाऊ लागले, आणि मग कोठे एक पाय सदैव जमिनीवर ठेवण्याचे सौम्य प्रकार प्रचारात आले. जिन मिलर या शिक्षिकेने 1989 च्या सुमारास रूढ केलेल्या ‘स्टेप’ प्रकाराचा उगम तर तिच्या जायबंदी गुडघ्याच्या उपचारातच होता.

कान आणि कंठ यांची उपेक्षा याहून अधिक. 85 डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासच सोसावा आणि पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी करावी, अशी अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे; त्या हिशेबाने 100 डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची दखल आपल्या कामगार कायद्यांनी घेतली आहे. मात्र कर्कश संगीतावर ताण करून ओरडणाऱ्या शिक्षकाला कामगार मानण्याची कोणाची तयारी नाही.

आमच्या तालमीतला वस्ताद प्रत्येक पठ्ठ्याबरोबर जोर काढीत नसे. हौद्याच्या कडेला उभा राहून तो नजरेने शिकवी, आणि त्यामुळे त्याच्या विद्येस उणेपणा येत नसे. तेव्हा दिवसाच्या बॅचेसना मर्यादा, पगारी रजा, बोलण्यासाठी माइक, संगीताच्या आवाजाला लगाम आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी, एवढी कलमे करारनाम्यात आलीच पाहिजेत. आणि शिक्षक आपल्यासारखा घाम गाळत नाही अशी तक्रार करणाऱ्या सभासदांनीही ती मागे घेतली पाहिजे. मेहनताना शिकवण्याचा आहे, उड्यांचा नव्हे, एवढे मान्य झाले तर ही कलमे लिहावयास मालकाच्या दप्तरात अर्धा तासही लागू नये.