कानातला इयरबड मेंदूचं ऐकतोय, की जबड्याचं?

एक छोटा प्रयोग करा. करंगळी हलकेच कानात घाला आणि काहीतरी चघळल्यासारखा जबडा हलवा. कानाच्या नळीची भिंत बोटावर दाबली जाते आणि परत मागे सरकते, जाणवलं? जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो. आता बोटाच्या जागी इयरबड आहे, त्याच्या टोकावर बारीक इलेक्ट्रोड आहेत आणि त्यांना तुमच्या मेंदूचे सिग्नल पकडायचेत, असं समजा.

ही सायन्स फिक्शन नाही. लंडनचं इम्पीरियल कॉलेज आणि डेन्मार्कचं आरहुस विद्यापीठ इथले संशोधक दहा वर्षांहून जास्त काळ कानातून ईईजी घेण्यावर काम करतायत. इमोटिव्ह कंपनीने ईईजीवाले इयरबड बाजारातही आणलेत. जुलै २०२३ मध्ये ॲपलचा असाच एक पेटंट अर्ज प्रसिद्ध झाला, आणि एअरपॉड्स आता मन वाचणार अशी चर्चा सुरू झाली. (पेटंट म्हणजे प्रॉडक्ट नव्हे.) गंमत म्हणजे त्या अर्जाचा गाभा मन वाचणं हा नाहीच. टोकावर गरजेपेक्षा जास्त इलेक्ट्रोड बसवायचे आणि त्या क्षणी ज्यांचा त्वचेशी संपर्क नीट आहे तेवढेच निवडून वापरायचे, ही त्यातली मुख्य कल्पना आहे. म्हणजे ॲपलच्या इंजिनिअर्सनाही आधी हाच प्रश्न सोडवावा लागतोय: येणारा सिग्नल मुळात विश्वास ठेवण्यासारखा आहे का?

पेन्सिल सेलचा तीस हजारावा भाग

डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मिळणारा ईईजी साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो. रिमोटमधला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. त्याचे तीस हजार भाग केले तर एक भाग ५० मायक्रोव्होल्टचा होतो. कानात याहूनही कमी मिळतं, कारण ईईजी म्हणजे शेवटी दोन जागांच्या व्होल्टेजमधला फरक, आणि एकाच कानातले दोन इलेक्ट्रोड एकमेकांना अगदी चिकटून असतात. एवढ्याशा सिग्नलला टक्कर द्यायला जबड्याचे स्नायू, घाम, कानातला मळ आणि घरातलं वायरिंग हे सगळे हजर.

म्हणून पहिली तपासणी असते इम्पीडन्सची. डिव्हाइस इलेक्ट्रोडमधून जाणवणारही नाही इतका सूक्ष्म करंट सोडतं आणि किती अडथळा आला ते मोजतं. हॉस्पिटलमध्ये टेक्निशियन त्वचा घासून, जेल लावून हा अडथळा ५ किलोओहमच्या आसपास आणायचा प्रयत्न करतात. कानातल्या कोरड्या इलेक्ट्रोडला तो शेकडो किलोओहम असू शकतो. ॲम्प्लिफायर चांगला असेल तर तेही चालून जातं. खरी पंचाईत होते एक इलेक्ट्रोड घट्ट आणि दुसरा सैल असला की. वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण दोघांवर सारखीच येते, आणि संपर्क सारखा असेल तर वजाबाकीत ती बरीचशी उडून जाते. एक सैल झाला की ती उडत नाही आणि ग्राफवर ५० हर्ट्झला सुळका दिसतो. म्हणजे हा सुळका त्रास आहे, पण साक्षीदारही आहे.

आणि इथेच आम्ही सॉफ्टवेअरवाले घोळ घालतो. नॉच फिल्टर लावायचा, ५० हर्ट्झ कापायचा, ग्राफ एकदम सुंदर. परीक्षेत नॉच फिल्टरची आकृती काढून मीही मार्क मिळवलेत. पण फिल्टर लावल्याने सैल इलेक्ट्रोड घट्ट होत नाही, तो सैल असल्याचा पुरावा फक्त पुसला जातो. क्वालिटी तपासायची तर फिल्टरच्या आधी.

दात आवळा, फोकस वाढवा

स्नायूंचा गोंधळ याहून फसवा असतो. जबड्याच्या स्नायूंचे सिग्नल साधारण २० हर्ट्झपासून पुढे काहीशे हर्ट्झपर्यंत पसरलेले असतात. मेंदूच्या बीटा लहरी साधारण १३ ते ३० हर्ट्झच्या. दोघांची जागा एकमेकांवर चढते. एकाग्रता मोजायचं एक प्रसिद्ध सूत्र बीटाला अल्फा आणि थीटाच्या बेरजेने भागतं. मग काय होईल? टेन्शनमध्ये दात आवळून बसलेल्या मुलाचा बीटा फुगेल आणि ॲप म्हणेल, वा, काय फोकस आहे!

यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर सिग्नलचे एकेक-दोनदोन सेकंदांचे तुकडे करतं आणि खराब तुकडे फेकून देतं. योग्यच आहे. पण तासाभरातली चाळीस मिनिटं फेकली आणि उरलेल्या वीसवर ‘७८’ असा स्कोअर छापला, तर तो तासाभराचा स्कोअर नाही. तुम्ही जेव्हा शांत बसला होतात, तेवढ्याच वेळेचा आहे. स्क्रीनवर ७८ मोठ्या अक्षरात दिसतो. ‘डेटा ३३ टक्के’ हेही तितक्याच मोठ्या अक्षरात दिसायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्याकडे असं डिव्हाइस असेल आणि ॲप फ्रीक्वेन्सीचा ग्राफ दाखवत असेल, तर स्वतः तपासता येतं. एक मिनिट डोळे उघडे ठेवून बसा, एक मिनिट मिटून. डोळे मिटल्यावर ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लय वाढते, हे जर्मन डॉक्टर हान्स बर्गरने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी नोंदवलं होतं. कानातल्या ईईजीचे संशोधकही हीच चाचणी वापरतात. १० हर्ट्झजवळ उंचवटा आला तर डिव्हाइसला मेंदूचं काहीतरी नक्की ऐकू येतंय. नाही आला तर लगेच निकाल लावू नका, काहींची अल्फा मुळातच बारीक असते. मग दात आवळून बघा, स्कोअर कुठे जातो ते.

कानातला ईईजी कुचकामी आहे असं मात्र अजिबात नाही. झोपेत माणूस बोलत-चघळत नाही आणि गाढ झोपेतल्या संथ लहरी मोठ्या असतात. आरहुसच्या टीमने कोरडे इलेक्ट्रोड कानात घालून लोकांची रात्रभराची झोप नोंदवली, आणि झोपेचे टप्पे ओळखण्यात चांगलं यश मिळवलं. तरी कुशीवर झोपल्यावर उशीने एक कान दाबला जातोच, त्यामुळे तिथेही तपासणी लागतेच.

स्कोअर दुसऱ्याच्या हातात गेला की

स्वतःच्या हौसेसाठी स्कोअर चुकला तर फार बिघडत नाही. २०१९ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला ईईजीचे पट्टे लावले होते. एक इलेक्ट्रोड कपाळावर, दोन कानांमागे. लक्ष किती आहे त्याचे आकडे शिक्षकांच्या कॉम्प्युटरवर आणि पालकांपर्यंत जात होते. ओरड झाल्यावर प्रशासनाने वापर थांबवला. चर्चा झाली ती प्रायव्हसीची, आणि व्हायलाच हवी होती. पण पट्टा सरकला, मूल चुळबुळलं, कपाळ खाजवलं, तर त्या मिनिटाला ‘लक्ष नाही’ असा शेरा बसला का, हा प्रश्न मला जास्त छळतो.

प्रायव्हसीवर जगात हालचाल सुरू आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये चिलीच्या सुप्रीम कोर्टाने इमोटिव्हला एका माजी सिनेटरचा मेंदूचा डेटा पुसायला सांगितलं. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये असा डेटा संवेदनशील म्हणून कायद्यात घातला. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ‘संवेदनशील’ असा वेगळा वर्गच नाही. पण त्यात कलम ८(३) आहे: तुमच्यावर परिणाम करणारा निर्णय एखाद्या डेटावरून होणार असेल, तर तो पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खात्री कंपनीने करायची. डेटा दुरुस्त करून घ्यायचा हक्कही दिलाय.

आता ऑफिसने किंवा क्लासने ‘७८ च्या खाली चालणार नाही’ म्हटलं, तर दुरुस्ती मागणार कशाच्या जोरावर? त्या वेळी इलेक्ट्रोडचा संपर्क कसा होता, किती सेकंद फेकले गेले, याची नोंद तुमच्या हातात हवी. ती नोंद डिव्हाइसमध्ये तयार होऊ शकते, कारण खराब तुकडे फेकायला तीच तर लागते. प्रश्न एवढाच की ती ॲपमधून एक्सपोर्ट करता येते, की कंपनीच्या सर्व्हरवरच राहते. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर असं काही विकत घेणार असाल, तर सेटिंग्जमध्ये आधी ‘रॉ डेटा’चं बटण शोधा.