शंका आणि सकाळचं स्तोत्र

परवा आमच्या चर्चमध्ये एक पाहुणे उपदेशक येऊन गेले. आवाज खणखणीत, शास्त्रवचनं तोंडपाठ. तासभर मुद्दा एकच, शंका म्हणजे सैतानासाठी उघडी ठेवलेली खिडकी, ती आजच्या आज बंद करा. मंडळी 'आमेन' म्हणत होती. मी म्हटलं नाही. घरी आल्यापासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहायला बसले.

(इतर धर्माच्या माझ्या ब्लॉगमित्रांनी कंटाळू नये. नाव बदलून हा विषय तुमच्याही घरात असणार.)

आधी माझं सांगते. २०१४ साली हे आजारी होते. शेवटच्या महिन्यात प्रार्थनेला आलेल्या एका गृहस्थांनी स्वयंपाकघराच्या दाराशी मला हळूच विचारलं, "बाई, घरात कुणाच्या मनात शंका आहे का? तेवढ्यानेही प्रार्थना अडते." माझ्या मनात होती. हे गेले. पुढची दोन वर्षं मी एकच हिशोब मांडत होते, माझ्यामुळे तर नाही ना? तो हिशोबच खोटा होता हे कळायला तेवढा वेळ गेला. तेव्हा शंकेला पाप म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे आणि ते पुस्तकी नाही.

पण शास्त्रच काढायचं तर काढू. थोमाला सगळे 'संशयी' म्हणून हिणवतात. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय नीट वाचा. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी तो तिथे नव्हता. इतरांनी सांगितलं, त्याला पटलं नाही. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला आहे! पटलं नव्हतं तरी आला, आणि इतरांनीही त्याला बाहेर काढलं नाही. येशूने त्याला विश्वास ठेवायला बजावलं हे खरं, पण आधी जखमा पुढे केल्या. दाराबाहेर हाकललेल्या थोमाला त्या दिसल्या असत्या का?

आपल्या पंडिता रमाबाई घ्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद सुरू झाला. त्रैक्य, चमत्कार, चर्चचा अधिकार, काहीच त्यांनी मुकाट्याने गिळलं नाही. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी कबूल केलं, की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. याच बाईने पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये काम हातावेगळं करूनच डोळे मिटले. प्रश्न विचारणारं डोकं आणि रोज टेबलाशी बसणारा हात, दोन्ही एकाच बाईचे.

आता दुसरी बाजू. २००७ साली मदर तेरेसांची खासगी पत्रं पुस्तकरूपाने आली. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आतून देव जाणवत नव्हता, तरी प्रार्थना आणि सेवा थांबली नाही. तेव्हा काही जण म्हणाले, हे ढोंगच. माझा अमेरिकेतला भाचा याच पक्षाचा. फोनवर म्हणाला, "मावशी, मनातून वाटत नसताना रोज पहाटे स्तोत्र वाचणं हा दंभ नाही का?"

नाही रे बाबा. दंभाला बघणारा लागतो. पहाटे साडेपाचला माझ्या स्वयंपाकघरात मला कोण बघतंय? चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. रोज हौस होती का? घंटा झाली की खडू घेऊन वर्गावर जायचं. कितीदा तरी तास अर्धा झाल्यावर एखादं पोर मान वर करायचं, आणि हुरूप तेव्हा यायचा. शिक्षकांच्या खोलीत त्याची वाट बघत बसले असते तर निवृत्त होईपर्यंत तिथेच बसले असते. मन लागत नाही त्या दिवसांसाठीच तर शिस्त असते. लागतं त्या दिवशी कुणी सांगावं लागत नाही.

शिस्तीचाही माज चढतो, हे मान्य. उपास करून तोंड उतरवून मिरवणाऱ्यांना येशूने डोंगरावरच्या प्रवचनात चांगलंच झापलंय. लेंतच्या दिवसांत कोणी काय सोडलं याच्या गप्पा मीही मारल्या आहेत. शंकेचाही माज असतो. नुसते प्रश्न विचारून हुशार ठरणारे मी वर्गात खूप पाहिले. गृहपाठ मात्र कोरा. माझा प्रश्न अजून सुटलेला नाही. हे का गेले, मला ठाऊक नाही. काही सकाळी वाचलेलं आत उतरतं, पुष्कळदा नाही.

उद्या ८८ वं स्तोत्र आहे. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही. स्तोत्रसंहिता जुळवणाऱ्यांनी ते गाळलं नाही. मग उपदेशकांनी आम्हाला का गाळावं?

असो. डोळे दुखायला लागले. थांबते.